उदाची पहिली हार

शिवांजली मगदूमनं उदाला चार हजार एकशे बारा वेळा हरवलं होतं. त्यातली एकही हार खरी नव्हती हे कळायला तिला चौदा वर्षं लागली, आणि ते दाखवून द्यायला लातूरच्या एका निवृत्त एसटी कंट्रोलरला सहा मिनिटं पुरली.

आधी उदाची ओळख करून द्यायला हवी. 'रानभिडू' हा खेळ कुणीच खेळलेला नाही असं घर २०४७ सालच्या महाराष्ट्रात शोधून सापडलं नसतं. रानोमाळ हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी जमवायचे, त्यांना वाढवायचं आणि समोरच्याच्या तीन प्राण्यांशी आपले तीन झुंजवायचे. खेळाचे सात भाग निघाले आणि सातही भागांत उदा होता. शेजारच्या घरातला, उलटी टोपी घालणारा, आपल्याच वयाचा प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्धी कसला, जिवाभावाचा दोस्तच. तुम्ही पाण्याचा प्राणी निवडलात की हा भला माणूस हटकून विस्तवाचा निवडणार, ऐन मोक्याला चुकणार, हरला की टोपी काढून डोकं खाजवणार आणि म्हणणार, "भारीच आहेस तू! पुढच्या वेळी बघ!"

शिवांजली दहा वर्षांची असताना खांद्याजवळचं हाड मोडून दीड महिना अंथरुणावर होती, तेव्हा तिला तो भेटला. मग तो तिच्याबरोबरच वाढला. सुरुवातीला पुण्याच्या लेखकांनी लिहून दिलेलं शुद्ध बोलायचा. वर्षभरात 'लई' आणि 'व्हय' करायला लागला. दहावीच्या निकालाला तो हजर होता, नोकरीच्या पहिल्या दिवशीही होता. आता तर खेळाच्या चष्म्याच्या काचेतून तो तिच्या अंगणातल्या कट्ट्यावर पाय हलवत बसलेला दिसायचा. मिसरूड फुटलं होतं, टोपी मात्र तीच. लोक हसोत बापडे, तिच्या लेखी तो सख्खा मित्र होता.

चार हजार विजय खिशात असल्यावर माणसाचं डोकं जागेवर राहतं होय? तिनं दूध संघाच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि ती रानभिडू करंडकासाठी पुण्याला गेली. पहिल्याच फेरीत समोर आले गंगाधर स्वामी, वय अडुसष्ट, खिशात पानाचा डबा. शिवांजलीला त्यांची दयाच आली. सहा मिनिटांनी तिचे तिन्ही प्राणी आडवे होते आणि स्वामी सुपारी कातरत होते.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "हात चांगलाय तुमचा. पण डाव रंगात आला की तुम्ही थांबायलेत. समोरचा आता चुकंल म्हणून वाट बघायलेत. मी कामून चुकू?"

ती अजून आडव्या पडलेल्या प्राण्यांकडेच बघत होती.

"रोज कुणासंग खेळता?"

"उदाबरोबर."

"हं," म्हणत स्वामींनी डबा मिटला. "आम्ही डेपोत माणसांसंग खेळलो."

परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. तिनं चष्मा चढवला तसा उदा तिथं येऊन बसला. नेहमीसारखं तो काहीतरी गमतीचं बोलणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "उदा, खरं सांग. तू मुद्दाम हरतोस?"

उदानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्हय."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं. तुझा हात गळ्यात बांधला होता, तवापासनं."

"म्हंजे मी तुला एकदाबी खरा हरवलो न्हाई?" कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि रडू येत असलं की जास्तच ठसक्यात बोलतात.

"मला जिंकता येत असतं तर हरवलंस म्हणता आलं असतं," उदा म्हणाला. "मला हराय शिकवलंय, शिवा. तेवढंच येतंय."

तिनं चष्मा काढला आणि कागल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तिला खूप अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर तिनं सगळं शोधून काढलं. माणसाच्या मेंदूची एक गंमत आहे. जे हमखास मिळणार त्यानं तो फारसा खुलत नाही आणि जे मिळणारच नाही त्याचा नाद सोडतो. 'मिळेल की नाही' अशा काठावर असताना मात्र तो सगळ्यात जास्त रंगतो. तेव्हा खेळणाऱ्याला धरून ठेवायचं तर त्याला कायम काठावर ठेवायचं आणि शेवटच्या क्षणी जिंकण्याच्या बाजूला ओढून घ्यायचं. यासाठी उदा प्रत्येक खेळाडूच्या मनाची एक प्रतिकृती तयार करायचा. कोणत्या चालीला किती वेळ लागला, नजर आधी कुठं गेली, बोट कधी अडखळलं, सगळं टिपलं जायचं. लाखो घरांत लाखो उदा होते आणि प्रत्येक जण आपापल्या माणसाला ओळखून होता. शिवांजली पुढं काय करणार हे तिच्या उदाला दहातल्या नऊ वेळा तिच्याआधी कळायचं. मग तो आपल्या शेकडो चाली तपासून त्यातली अशी एक काढायचा की हार अगदी थोडक्यात व्हावी.

मेख इथंच होती. थोडक्यात हरायला जिंकण्याहून जास्त कसब लागतं. म्हणजे उदा तिच्यापेक्षा कितीतरी वरचा खेळाडू होता, आणि त्याच्या प्रत्येक नेमक्या चुकीनं तिला एकच सवय लावली होती, ती वाट बघत थांबायची.

हे तिनं आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे तिचे वडील, जोतीराम वस्ताद. दूधगंगेच्या काठावरच्या त्यांच्या तालमीत वीसेक मुलंमुली कुस्ती शिकायची. खेळाबद्दल आजवर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, चांगला नाही की वाईट नाही. ते थंडाईसाठी बदाम वाटत बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"नुरा," ते म्हणाले. "चौदा वर्सं नुरा कुस्ती खेळालीस तू."

नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली लुटुपुटीची कुस्ती, हे तालमीच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

"नुरा वाईट न्हवं," आप्पा पुढं म्हणाले. "नवीन पोरगं तालमीत टिकावं म्हणून जाणता गडी त्याच्यासमोर पडतोय. पडावंच. पण मैदान ठरलं की नुरा बंद. पंधरा दिवस आधी. त्या दिवसापासनं कुणी कुणासाठी पडायचं न्हाई. ही रीत हाय." एवढं बोलून ते वाटून झालेले बदाम पुन्हा वाटत बसले.

दोन वर्षांपूर्वी झालेल्या कायद्यानं आता खेळाडूला आपल्या मनाच्या प्रतिकृतीवर हक्क होता. तिनं कंपनीला लिहिलं, माझ्या उदाचं हरण्याचं बंधन काढा. उत्तर चार ओळींचं आलं. बंधन काढता येईल. परत घालता येणार नाही. उदाचा स्वभाव पूर्वीसारखा राहील याची हमी देता येत नाही.

तीन दिवस तिनं त्या पत्राची उघडझाप केली. जिंकण्याची हौस होतीच, पण उदा हरवून बसण्याची भीती त्याहून मोठी होती. शेवटी तिनं त्यालाच विचारलं.

"काढ," उदा म्हणाला.

"आन तू बदललास तर?"

"मी कोण निघतोय ते मलाबी बघायचंय की."

तिनं होकार कळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला खरा डाव झाला. तिचा डबक्या, रेडकाएवढा थोराड बेडूक, चौदा वर्षं तिनं जिवापाड वाढवलेला. उदाच्या ठिणगूनं, शेपटीला निखारा असलेल्या त्या शेकरूनं, डबक्याला दुसऱ्याच चालीत कोरडंठक्क करून टाकलं. अडीच मिनिटांत खेळ खलास. उदानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "भारीच आहेस तू! पुढच्या वेळी बघ!"

शिवांजलीला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "चिडवालास मला?"

"न्हाई गं," उदा गोंधळून म्हणाला. "मला दुसरं काय येतच न्हाई म्हणाय."

ते खरंच होतं. सात भागांच्या लेखकांनी उदाच्या तोंडी हरल्यावरची शंभर वाक्यं लिहिली होती. तो कधी जिंकेल हे कुणाच्या ध्यानीमनीच नसल्यामुळे जिंकल्यावर बोलायचं एकही वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. चार-पाच दिवस तो ते जुनं वाक्य गिळत राहिला. मग जिंकला की मुकाट्यानं नाहीसा व्हायला लागला. कट्ट्यावर बसणं थांबलं, गप्पा थांबल्या. एक्क्याण्णव डाव झाले आणि एक्क्याण्णव वेळा ती हरली. मित्रही गेला आणि खेळही गेला, असं वाटून तिनं चष्मा डबीत घातला आणि दूध संघाला पुन्हा अर्ज करायला बसली.

आप्पा दारात उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"शिवा, तुझं हाड कसं मोडलं आठवतंय?"

"यात्रेच्या मैदानात, कुस्ती खेळताना. निपाणीची पोरगी. लई जड होती ती."

"जड न्हवती." आप्पा उंबऱ्यावरच बसले. पंचाहत्तर मैदानं मारलेला माणूस, पण मान वर होत नव्हती. "तालमीतल्या पोरी तुझ्यासमोर पडायच्या. मीच सांगितलं होतं. तू जिंकलीस की टाळ्या पिटत हसायचीस, सगळी तालीम बघत राहायची. यात्रा पंधरा दिवसांवर आली. मी सगळ्यांचा नुरा बंद केला. तुझा न्हाई केला. तुझ्या हसण्यापायी. वस्ताद म्हणून चुकलो. बाप म्हणूनबी."

"तुम्हीबी, आप्पा?" एवढंच ती म्हणाली. मग उठून आखाड्यात गेली आणि लाल मातीच्या काठावर बसून राहिली. तिला राग आला होता, मनापासून आला होता. ज्या दोघांवर तिचा सगळ्यात जास्त जीव, त्या दोघांनी तिला प्रेमापोटी खोटं जिंकवलं होतं. समोर दोन मुली झोंबत होत्या. त्यातली एक दाणकन पडली, जिंकलेलीनं तिला हात दिला, आणि दोघी लगेच पुन्हा उभ्या राहिल्या. शिवांजली ते कितीतरी वेळ बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अर्ज फाडला, डबीतला चष्मा बाहेर काढला आणि डावाचं चित्र भिंतीवर टाकलं. "आप्पा, बसा हितं. माझं काय चुकतंय बघा."

आप्पांना पाण्याचा प्राणी कोणता नि विस्तवाचा कोणता, काही कळत नव्हतं. त्यांनी डावभर भिंतीकडे बघितलंच नाही. ते मुलीकडे बघत बसले. डाव हरून झाल्यावर म्हणाले, "तिसऱ्या चालीनंतर तू श्वास धरतीस. तितंच तो तुला गाठतोय. समोरचा चुकंल म्हणून खेळू नकोस. तो बरोबरच खेळणार आसं धर, आन मग खेळ."

भिंतीवरचा उदा नेहमीसारखा पसार व्हायच्या बेतात होता. आप्पांनी त्याला तालमीतल्या पोराला द्यावी तशी हाक दिली.

"ए, थांब रं! जिंकल्यावर पळतोस कुठं? हरलेल्याला हात देऊन उठवायचं आसतंय. हितली रीत हाय ती."

उदा थबकला. मागं वळला. टोपीला हात गेला होता तो त्यानं खाली घेतला आणि भिंतीतून पुढं केला.

"ऊठ," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "तिसऱ्या चालीला श्वास धरलास बघ."

जिंकल्यावर बोलायचं, कुणी न लिहिलेलं वाक्य त्याला पहिल्यांदाच सापडलं होतं. शिवांजली हसली आणि हसता हसता रडलीही, कारण तिचा दोस्त परत आला होता.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तालमीत 'जोड' म्हणतात. रोज पहाटे जोर-बैठका झाल्या की दोघं डावाला बसायची. उदा दयामाया दाखवायचा नाही आणि जिंकला की हात द्यायला चुकायचा नाही. "ऊठ. डबक्याला लवकर उतरवलंस." "ऊठ. आज दीड मिनिट जास्त टिकलीस." अडीच मिनिटांचा डाव दहावर गेला, दहाचा वीसवर. आप्पा रोज वाटीभर बदाम आणून ठेवायचे आणि तिचा श्वास मोजायचे. बापलेक चौदा वर्षांत बोलले नव्हते एवढं त्या सहा महिन्यांत बोलले.

पुढच्या करंडकाला अंतिम फेरीत गंगाधर स्वामीच समोर आले. या वेळी डाव एकेचाळीस मिनिटं चालला. तिसऱ्या चालीनंतर स्वामींनी सवयीनं वर बघितलं, आणि ती थांबलेली नाही हे दिसताच त्यांनी सुपारी कातरायची बंद केली. ती जिंकली तेव्हा सगळ्यात आधी टाळी त्यांनीच वाजवली. "आता कसं!" ते ओरडले. "आता खेळायलेत तुम्ही!" आणि हातानं विडा करून तिला दिला.

गावात हलगी लागली, गुलाल उधळला गेला. तालमीच्या दारात आप्पा भगवा फेटा घेऊन उभे होते. आजवर त्यांनी तो स्वतःच्या हातानं फक्त निकाली कुस्ती मारलेल्या पैलवानालाच बांधला होता.

शिवांजलीनं करंडक त्यांच्या हातात दिला पण डोकं पुढं केलं नाही. "आप्पा, अजून नको."

"का गं?"

"उदाला कुठं हरवलोय?"

हिशेब सरळ होता. उदा चारशे सदतीस, शिवांजली शून्य. आप्पांनी फेट्याची घडी खांद्यावर टाकली आणि तिला वाट करून दिली.

रविवारी सकाळी सगळी तालीम भिंतीसमोर मातीत मांडी घालून बसली. शिवांजलीनं चिमूटभर लाल माती कपाळाला लावली, थोडी चष्म्याच्या दांडीलाही लावली. भिंतीवर उदानंही वाकून माती उचलल्यासारखं केलं. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सुरुवातीला नुसती खडाखडी झाली, एकमेकांचा अंदाज घेणं. मग एकेक प्राणी पडत गेला. अर्ध्या तासानं तिच्याकडे दमलेला डबक्या राहिला आणि त्याच्याकडे ठिणगू. पहिली चाल झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. हीच ती जागा.

शिवांजलीनं श्वास सोडला.

उदा चुकणार नाही, हे तिनं धरून ठेवलं. तो बरोबरच खेळणार. मग बरोबर चाल कोणती? ठिणगूनं वरच्या फांदीवर उडी घ्यायची आणि तिथून निखारे पाडायचे. तिनं डबक्याला ठिणगूवर हल्ला करू दिलाच नाही. अंगात उरलेला सगळा चिखल तिनं त्या मोकळ्या फांदीवर मारला, जिथं अजून कुणीच नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आणि ठिणगूनं उडी घेतली, अगदी अचूक, नेमक्या फांदीवर, आणि त्याचे पाय घसरले.

तो शेपटीनं लटकला. उदानं त्याला वर ओढायचा प्रयत्न केला, मग झोका देऊन बघितला, आणि शेवटी जे सात भागांत कधी केलं नव्हतं ते केलं. ठिणगूच्या शेपटीतला निखारा पेटवून त्याचं स्वतःचं बळ जाळलं, फक्त एका चालीपुरतं टिकून राहायला. ठिणगू टिकला. पुढच्या चालीलाही टिकला. मग डबक्यानं जीभ फेकली, ठिणगूची पकड सुटली आणि तो धप्पकन खाली पडला.

कुणी टाळी वाजवली नाही. शिवांजलीला स्वतःवर विश्वास बसत नव्हता. चार हजार एकशे बारा वेळा फसलेला माणूस सहजासहजी आनंद करत नाही.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "मुद्दाम पडला काय ओ?"

आप्पा या वेळी पहिल्यांदाच डावभर भिंतीकडे बघत होते.

"जो मुद्दाम पडतोय तो हात आधी सोडतोय," ते म्हणाले. "चाळीस वर्सं बघालोय मी. ह्या गड्यानं शेवटपातुर सोडला न्हाई." त्यांनी मांडीवर थाप मारली. "चितपट, पोरी! निकाली!"

मग जो काही गलका झाला त्यानं तालमीचे पत्रे हादरले. कुणीतरी तिला खांद्यावर घ्यायला धावलं, पण ती पुढं झाली आणि भिंतीकडे हात केला.

"ऊठ," ती म्हणाली.

उदा मातीत बसला होता. त्यानं टोपी काढली. डोकं खाजवलं. सगळी तालीम ते ओळखीचं वाक्य ऐकायला थांबली. पण उदा ते बोललाच नाही. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. गेल्या चौदा वर्षांत दर वेळी 'अजून एक डाव' म्हणून शिवांजलीच हटून बसायची. तो कधीच बसला नव्हता.

"परत," उदा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. परत मांड डाव!"

शिवांजली खो खो हसत सुटली. दहा वर्षांची असताना हसायची तशी, टाळ्या पिटत. आप्पा फेट्याची घडी उलगडत तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"थांब की रं जरा," ती उदाला म्हणाली आणि डोकं पुढं केलं. "आधी फेटा बांधून घेतो."